शेवटच्या पदाची अर्धी ओळ

संगीत नाटकाचा प्रेक्षक बाकीच्या नाटकांच्या प्रेक्षकांसारखा नसतो. गद्य नाटकात प्रेक्षक अंधारात बसून पाहतो. संगीत नाटकात तो जणू मैफलीचा भागीदार असतो. पद रंगले की तो 'वन्स मोअर' म्हणून ओरडतो, आणि नुकताच विष घेऊन कोसळलेला नायक उठून तेच पद पुन्हा म्हणतो. यात कोणाला काही वावगे वाटत नाही. आमच्या इंदुरात ही रीत अजून टिकून आहे. इथली जुनी मराठी घराणी संस्थानच्या फौजेबरोबर आणि कचेऱ्यांबरोबर आली. त्यांची भाषा आता अर्धी हिंदी झाली, नातवंडे मराठीत उत्तर देत नाहीत, पण पदाला 'वन्स मोअर' द्यायला ही घराणी विसरलेली नाहीत. माझ्या धाकट्या भावाने नाटक लिहिले तेव्हा हे सर्व त्याला ठाऊक होते. म्हणूनच मी ते आधी सांगत आहे.

भाऊ सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात तयार झालेल्या सुट्या भागांची मापे तपासत असे. भाग केसभर जाड निघाला तरी तो बाजूला काढायचा. संध्याकाळी सुदामा नगरच्या घरी येऊन हात धुतले की वाजवायची पेटी उघडायची. ही त्याची आयुष्यभराची दिनचर्या. भावजय गात असे. ती कोणत्याही मंचावर गायली नाही. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना गायची. भावाने चाल दिलेले एक पद तिच्या तोंडी कायम असे:

उजेड थोडा ठेव अंगणी, येणारा येईल।

शब्द दोघांनी मिळून केले होते. भाषेच्या कसोटीवर ते फार वरचे नव्हते, असे शाळेत मराठी शिकवणाऱ्या मी त्यांना एकदा म्हटलेही होते. भावजय म्हणाली, "ताई, मार्क किती देता तेवढं सांगा." मी म्हटले, पास.

भावजय गेली ती एका सकाळी, स्वयंपाकघरात, हे पद म्हणता म्हणता. हृदय थांबले. डॉक्टरांनी सांगितले की कोणी शेजारी उभे असते तरी काही करता आले नसते. मला तेव्हा इतकेच माहीत होते. मी अन्नपूर्णेच्या देवळाजवळ राहते. निरोप मिळून पोहोचेपर्यंत तिला बाहेरच्या खोलीत आणले होते.

त्यानंतर वर्षभर पेटी कापडाखाली होती. मग एके दिवशी भावाने मला बोलावून वहीभर नाटक वाचून दाखवले. पात्रे तीन: नवरा, बायको आणि सतत काहीतरी मागायला येणारा शेजारी. वाद्ये दोन, पेटी आणि तबला. प्रसंग अगदी घरगुती. शेजारी साखर मागतो, नवरा-बायको भांडतात, समेट होतो. 'उजेड थोडा' हे पद त्यात तीन वेळा येते. दोनदा पूर्ण. तिसऱ्यांदा, नाटकाच्या अगदी शेवटी, बायको एकटी गाते, 'उजेड थोडा ठेव अंगणी' इथपर्यंत येते आणि थांबते. पेटीचा एकच स्वर मागे राहतो, मग तोही जातो. बायको उभी असते. प्रकाश तसाच राहतो. बस्स. पडदा सावकाश.

"एवढंच?" मी विचारले.

"एवढ्यासाठीच बाकीचं लिहिलंय," तो म्हणाला. "दीड तास लोकांनी हसावं, गाणी ऐकावीत. पण त्या ठिकाणी सगळ्यांनी मिळून गप्प राहावं. तेवढं झालं की मला दुसरं काही नको."

त्याने आयुष्यात माझ्याकडे क्वचितच काही मागितले आहे. तेव्हाही त्याने मागितले नाही, फक्त सांगितले; पण मला ते मागणे वाटले.

तालमी त्याच्याच घरी झाल्या. बायकोचे काम करायला पुण्याहून नोकरीसाठी इंदुरात आलेली एक तरुण मुलगी मिळाली. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसायची आणि संध्याकाळी येऊन गायची. गळा चांगला, उच्चार स्वच्छ, आणि प्रश्न विचारण्याची सवय. ही सवय मला नेहमीच आवडत आली आहे.

"सर, थांबल्यावर मी काय करायचं?"

"काही नाही. हात जिथे असेल तिथे राहू दे."

"आणि लोकांना वाटलं की मी विसरले, तर?"

भाऊ हसला. "विसरलेला माणूस इकडेतिकडे बघतो. तू बघू नकोस."

त्या एका जागेवर त्याने किती मेहनत घेतली, ते मी कोपऱ्यात बसून पाहिले आहे. पेटीचा स्वर किती धरायचा, तबला कुठे सोडायचा, मुलीने श्वास शब्दाआधी घ्यायचा की नंतर, हे सर्व तो कारखान्यातल्या कसोशीने ठरवत होता. अर्धी ओळ समेच्या अलीकडे सोडायची होती. जाणकार नसलेल्या वाचकासाठी एवढे सांगते की सम म्हणजे तालाच्या फेऱ्यातली ती पहिली मात्रा, जिथे ऐकणाऱ्याची मान आपोआप खाली येते. तिथे पोहोचण्याच्या क्षणभर आधी गाणे थांबले, तर मान अधांतरी राहते. भावाला लोकांच्या माना अधांतरी ठेवायच्या होत्या.

पहिला प्रयोग अन्नपूर्णेकडच्या एका मराठी मंडळाच्या सभागृहात, रविवारी दुपारी चारला झाला. पेटीवर भाऊ स्वतः बसला, मंचाच्या कडेला, प्रेक्षकांना दिसेल असा. मी शेवटच्या रांगेत बसले. मागे बसले की लोकांच्या पाठी दिसतात. वर्गाचे लक्ष आहे की नाही, ते चेहऱ्यांपेक्षा पाठींवरून लवकर कळते.

लोक खूश होते. पहिल्या पाच मिनिटांत शेजाऱ्याने साखरेची वाटी पुढे केली, आणि माझ्या पुढच्या रांगेतले गृहस्थ बायकोला म्हणाले, "हा तर सेम आपला वरच्या मजलेवाला!" ती म्हणाली, "हळू बोला ना, तो मागेच बसलाय." पहिल्या पदाला टाळ्या पडल्या. दुसऱ्यांदा 'उजेड थोडा' झाले तेव्हा एका कोपऱ्यातून 'वन्स मोअर' आला आणि पाठोपाठ सगळीकडून. भावाने तालमीत बजावले होते की पुन्हा म्हणायचे नाही. मुलीने त्याच्याकडे पाहिले. सभागृह ऐकायला तयार नव्हते. भावाने मान हलवून परवानगी दिली आणि ती पुन्हा गायली. या वेळी लोक ठेक्यावर टाळ्या वाजवत होते आणि काही बायका ओठ हलवत होत्या.

इथे मला एक गोष्ट जाणवायला हवी होती. जे वारंवार म्हणून घेतले जाते, ते म्हणणाऱ्याचे होऊन जाते. पाढे आपण असेच शिकवतो. पण त्या वेळी मीसुद्धा टाळ्याच वाजवत होते.

शेवट आला. मुलगी पुढे आली. 'उजेड थोडा ठेव अंगणी', आणि थांबली. हात पदराशी होता, तो तिथेच राहिला. तिने कुठेही पाहिले नाही. पेटीचा स्वर उरला. पाठी ताठ झाल्या. क्षणभर मला वाटले, झाले, भावाला हवे होते ते झाले.

पहिल्या रांगेत मंडळातल्या एक ज्येष्ठ काकी शाल पांघरून बसल्या होत्या. सगळे सभागृह त्यांना काकीच म्हणते. त्या किंचित पुढे झुकल्या आणि शाळेच्या संमेलनात अडखळलेल्या नातवाला सांगावे तशा अगदी मायेने म्हणाल्या, "येणारा येईल, बेटा. येणारा येईल."

मुलगी हलली नाही.

काकींनी मग ते सुरात म्हटले. शेजारच्या दोघींनी साथ दिली. मागून एका पुरुषाचा आवाज आला, "हां, येणारा येईल!" आणि बघता बघता सगळे सभागृह ती अर्धी ओळ म्हणू लागले. टाळ्या ठेक्यात पडू लागल्या. तबलजीची बोटे सवयीने चालू झाली. भावाचे बोट धरलेल्या स्वरावरून पुढच्या स्वरावर गेले. ते त्याने नेले नाही. इतक्या वर्षांच्या वळणाने ते आपोआप गेले. मुलगी बिचारी भांबावली, मग तिनेही ओळ उचलली आणि सगळ्यांसह समेवर आणून सोडली. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

नंतर बाहेर चहा आणि कचोरीच्या टेबलापाशी भावाला लोकांनी घेरले.

"भिया, काय दिमाग लावलाय! एंडला डायरेक्ट पब्लिकलाच गायला लावलं!"

"मी तर म्हणतो, असा एंड मी आजपर्यंत बघितला नाही. एकदम नवीन."

काकी मुलीचा हात धरून म्हणत होत्या, "घाबरायचं नाही गं. होतं असं. मोठमोठे विसरतात. मी वेळेवर सांभाळलं ना?"

"हो, काकी," मुलगी म्हणाली आणि तिने भावाकडे पाहिले.

भाऊ काकींसमोर हात जोडून म्हणाला, "बरं केलंत."

मंडळाचे चिटणीस भावाच्या शाळेतले सोबती. ते तर तिथेच दुसऱ्या प्रयोगाची आखणी करू लागले. "मी काय म्हणतो, पुढच्या वेळी पदाचे शब्द छापून खुर्चीवर ठेवू. मतलब कोणी मागे राहायला नको. देवासवाल्यांचाही फोन येईल बघ."

"शब्द छापायचे नाहीत," भाऊ म्हणाला. एवढेच.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे गेले. मी रात्रभर विचार करून उपाय शोधून ठेवला होता. प्रयोगाआधी नम्र शब्दांत निवेदन करावे: शेवटचे पद जाणीवपूर्वक अपूर्ण ठेवले आहे, कृपया शांतता राखावी. दोन वाक्ये. वाक्ये मी तयारही केली होती.

त्याने ती ऐकून घेतली. "चांगली आहेत," म्हणाला. "पण सांगून मिळालेली शांतता वर्गातली असते, ताई. मुलं गप्प बसतात, ऐकत नाहीत."

मला हे लागले, कारण ते खरे होते. मी म्हटले, "मग लोकांवर रागावू नकोस. त्यांनी चांगल्या मनाने केलं."

"रागावलो नाही गं." त्याने पेटीच्या पट्ट्यांवरून रिकामा हात फिरवला. मग म्हणाला, "मीही तेच केलं होतं."

मला कळले नाही.

"त्या दिवशी मी इथेच बसलो होतो. पेपर वाचत. ती आत गात होती. 'ठेव अंगणी' म्हणाली आणि थांबली. मला वाटलं, विसरली. कशी विसरेल? इतकं घोळलेलं पद. पण मला तसंच वाटलं. मी इथूनच म्हटलं, 'येणारा येईल.' ती बोलली नाही. मला वाटलं, चिडवतेय. मी पुन्हा म्हटलं, सुरात, मोठ्यानं. आणि पान उलटलं."

आमच्या घराची रीत मला माहीत होती. आई-वडिलांपासून चालत आलेली. कोणी गाताना अडले की ज्याला आठवेल त्याने दुसऱ्या खोलीतूनही पुढची ओळ द्यायची. अर्धवट गाणे घरात राहू द्यायचे नाही. मी स्वतः न्हाणीघरातून कितीतरी ओळी दिल्या आहेत.

"आत गेलो तेव्हा ती ओट्याला टेकून खाली बसली होती," तो म्हणाला. "पडल्याचा आवाजही झाला नव्हता. तेवढा वेळ घर गप्प होतं, आणि मी ते गाऊन भरून काढलं. मला ते गप्प राहणं परत हवं होतं. माझ्याकडून नाही झालं, तर निदान शे-दीडशे माणसांकडून. त्यांनीही तेच केलं."

डॉक्टर काय म्हणाले होते, त्याची मी त्याला आठवण करून दिली. त्याने मान हलवली. त्याचे दुःख डॉक्टरांच्या त्या वाक्याच्या पलीकडचे होते.

दुसऱ्या प्रयोगाला सभागृह भरले. पहिल्या वेळी आलेले लोक या वेळी पाहुण्यांना घेऊन आले होते. माझ्या शेजारची बाई आपल्या जावेला समजावत होती, "लास्टला ती मुलगी मुद्दाम थांबते, मग आपण म्हणायचं. तुला येत नसेल तर माझ्या मागे मागे म्हण." शेवटच्या पदाच्या आधीच मोबाईल वर झाले. काकी शाल सावरून सज्ज होत्या.

भावाने काय ठरवले आहे, ते त्याने कोणालाही सांगितले नव्हते, मलाही नाही.

मुलगी 'ठेव अंगणी'वर आली, आणि ती थांबायच्या आतच सभागृह गाऊ लागले. थांबण्याला जागाच उरली नाही. 'येणारा येईल', टाळ्या, हशा, एखादी शिट्टीही. भावाने डावा हात भात्यावरून काढला. पेटी मिटली. उजवा हात त्याने शेजारच्या तबल्यावर पालथा ठेवला. तबलजी चमकून त्याच्याकडे पाहत थांबला.

लोक गातच राहिले. पण समूहाला सूर धरायला आधार लागतो, हे प्रार्थना म्हणून घेणाऱ्या कोणालाही माहीत असते. एका ओळीत आवाज दोन पट्ट्यांत फुटले. बायका वर गेल्या, पुरुष खाली राहिले. टाळ्या मागेपुढे पडू लागल्या. कोणीतरी हसले. काकींनी नेटाने आणखी एकदा ओळ उचलली, ती एकट्या त्यांचीच ऐकू आली, आणि मग त्याही थांबल्या.

मुलगी उभी होती. हात पदराशीच होता. प्रकाश तसाच होता. कोणी खोकलेसुद्धा नाही.

मी पाठींकडे पाहत होते. त्या अवघडलेल्या होत्या. कान देऊन बसलेल्या माणसांच्या त्या पाठी नव्हत्या, शिक्षा झालेल्यांच्या होत्या. नंतर कोणीतरी म्हणाले, "पेटी बिघडली काय?" आणि पडदा आला. टाळ्या पडल्या, पण पाहुणा निघताना आपण उठून उभे राहतो, तशा.

बाहेर चहाच्या टेबलापाशी या वेळी कोणी गराडा घातला नाही. चिटणीस भावाला बाजूला घेऊन म्हणाले, "भिया, ये क्या कर दिया? लोक मूडमध्ये होते यार. देवासवाले दोघे खास बघायला आले होते." काकी रुसल्या होत्या. "आम्ही एवढं काय वाईट गात होतो?"

"नाही काकी, छान गात होतात," भाऊ म्हणाला. "माझाच हात थांबला."

काकींनी त्याच्या हाताकडे पाहिले. "दुखतो का? दाखवून घे डॉक्टरला," त्या म्हणाल्या. रुसवा तिथेच गेला. आपल्या लोकांचे हे असे असते. भावाला मात्र त्या बोलण्याने खाली पाहावे लागले.

मुलगी तोंड धुऊन आली. "सर, माझं काही चुकलं का?"

"तुझं काहीच नाही. दोन्ही वेळा नाही."

देवासचा प्रयोग पुढे ढकलला गेला. पुढे ढकललेल्या प्रयोगाचे काय होते, ते नाटकवाल्यांना सांगायला नको. पुढे कधीतरी मुलीची बदली झाली आणि ती परत पुण्याला गेली. लोक मात्र भेटले की अजून पहिल्या प्रयोगाची आठवण काढतात. त्यांच्या स्मरणात ते एक आनंदी नाटक आहे, आणि तसे ते असण्यात त्यांचा काही दोष नाही.

त्या दुसऱ्या प्रयोगाच्या संध्याकाळी आम्ही रिक्षाने सुदामा नगरला आलो. भावाने पेटी मांडीवर घेतली होती. घरी आल्यावर मी चहा ठेवला. तो बाहेरच्या खोलीतून म्हणाला, "ताई, तू मागे बसली होतीस. झालं होतं ना गप्प?"

"झालं होतं."

ते खरे होते. ती शांतता त्याला हवी तशी नव्हती, हेही खरे होते. पण ते त्याला माझ्याआधी कळले असणार.

"काय ऐकू आलं?"

मी चहा गाळता गाळता थांबले. काहीतरी मोठे सांगावे असे मनात आले. त्याला बरे वाटेल असे. पण त्याने तपासनिसाच्या आवाजात विचारले होते.

"पंखा," मी म्हटले. "भिंतीवरच्या एका पंख्याचं पातं कुठेतरी घासत होतं. आधी कळलं नव्हतं."

तो उठून स्वयंपाकघराच्या दारात आला. "बाकी काही नाही?"

"बाकी काही नाही."

"तेव्हाही पंखाच होता," तो म्हणाला. "मी आत आलो तेव्हा तेवढाच ऐकू येत होता. कसा घासत होता तो? तिथला?"

मी जमेल तसा तो आवाज तोंडाने काढून दाखवला. या वयात, हातात गाळणी धरून. त्याने डोळे मिटून ऐकला, मान हलवली आणि म्हणाला, आपल्या इथला याहून जरा बारीक होता.